अर्थशास्त्रातले आलेख: पाठ होतात, पण वाचता कसे येतील?

शून्यबिंदू
अर्थशास्त्राचा प्राथमिक अभ्यास नुकताच सुरू केलाय. विषय मनापासून आवडतोय. मजकूर वाचताना सगळं समजतंय असं वाटतं आणि मग पानावर आलेख येतो. दोन रेघा, त्या छेदतात तिथे एक टिंब, टिंबापासून दोन्ही अक्षांकडे गेलेल्या तुटक रेषा. आकृती पाठ होते, उत्तरपत्रिकेत जशीच्या तशी उतरवताही येते. पण कोणी एखादी गोष्ट बदलून "आता काय होईल?" असं विचारलं की पेन्सिल जागची हलत नाही.

नेमकं कुठे अडतं ते कळावं म्हणून एक उदाहरण देते. 'चूक की बरोबर' मध्ये हे विधान होतं: "पुरवठा घटला की किंमत वाढते. किंमत वाढली की मागणी घटते. मागणी घटली की किंमत उतरते. म्हणून शेवटी किंमत होती तिथेच परत येते." उत्तर 'चूक' असं छापलंय, कारण मात्र दिलेलं नाही. एकेक वाक्य सुटं घेतलं तर मला प्रत्येक बरोबरच वाटतं.

माझं मत असं होत चाललंय की ही अडचण गणिताची नाही. सरळ रेषेचं समीकरण मला येतं. आलेखात काय काढलंय आणि काय न काढता गृहीत धरलंय, ते कोणी उलगडून सांगत नाही. तुम्ही सगळे कसे शिकलात? जे शिकवतात त्यांनी विद्यार्थी कुठे अडतात तेही लिहावं, ही विनंती.

तिरकी_रेघ
छान धागा. माझा एकच नियम आहे, रेघांकडे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी उभ्या अक्षावर काय आहे, आडव्या अक्षावर काय आहे, एकक काय आणि काळ कोणता. नुसतं 'नग' लिहून भागत नाही. आठवड्याला नग की वर्षाला? मुदत सांगितल्याशिवाय मागणीच्या आकड्याला अर्थच नसतो.

पेन्सिल_खोडरबर
वाचतोय. माझीही हीच रड आहे. खर्चाच्या वक्रांबद्दल विचारायचंय, पण आधी हे होऊ द्या.

खडू_फळा
बरीच वर्षं हा विषय शिकवतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विद्यार्थी पहिल्यांदा अडतात ते अक्षांपाशी. गणितात शिकवलेलं असतं की कारण आडव्या अक्षावर आणि परिणाम उभ्या अक्षावर. इथे किंमत बदलली म्हणून मागणी बदलते असं आपण म्हणतो आणि किंमत मात्र उभ्या अक्षावर घेतो. ज्याचं गणित पक्कं असतं तो विद्यार्थी इथे जास्त गोंधळतो, आणि त्याचं गोंधळणं रास्त आहे.

दुसरी अडचण 'वाढला' म्हणजे वर गेला असं समजण्याची. मागणी वाढली की वक्र उजवीकडे सरकतो आणि योगायोगाने वरही गेलेला दिसतो, त्यामुळे चूक लपून राहते. पुरवठा वाढल्यावर पुरवठा वक्रही उजवीकडेच सरकतो, पण त्याचा चढ उलटा असल्यामुळे तो खाली आल्यासारखा दिसतो. मग विद्यार्थी पुरवठा वाढवायला सांगितला की वक्र वर उचलतो, म्हणजे प्रत्यक्षात पुरवठा कमी करून बसतो. उपाय सोपा आहे. 'वर-खाली' हे शब्द वक्राच्या बाबतीत काही दिवस वापरायचेच नाहीत. एक किंमत धरायची, तिथून आडवी रेषा काढायची आणि विचारायचं, "याच किमतीला आता जास्त नग की कमी?" जास्त असतील तर उजवीकडे, कमी असतील तर डावीकडे.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी: वक्रावरून सरकणं आणि अख्खा वक्र सरकणं यातला फरक. शून्यबिंदू, तुमचं कोडं तिथेच आहे. पण मी उत्तर आत्ता देत नाही. तुम्ही हे आकडे घेऊन स्वतः काढून बघा.

मागणी: नग = १०० − २ × किंमत
पुरवठा: नग = ३ × किंमत

आणि पुरवठा घटल्यावर: नग = ३ × किंमत − ३०

शून्यबिंदू
काढते आणि सांगते. पण ही अक्षांची अदलाबदल केली कोणी?

जुनी_पानं
सगळ्यांनी सुरुवातीपासून अशीच काढली नव्हती. फ्रान्सच्या कूर्नोने १८३८ मध्ये मागणीचा वक्र काढला तेव्हा किंमत आडव्या अक्षावर होती, म्हणजे गणिताच्या रिवाजाप्रमाणेच. पुढे १८७० मध्ये फ्लीमिंग जेनकिन या अभियंत्याने मागणी-पुरवठ्याचे नियम आलेखांतून मांडले. पण आज पानापानावर दिसते ती आकृती रूढ झाली आल्फ्रेड मार्शलच्या १८९० च्या ग्रंथामुळे, आणि त्यात किंमत उभ्या अक्षावर आहे.

मार्शलने ती चुकून तिथे टाकलेली नाही. तो प्रश्नच उलटा विचारत होता. इतके नग बाजारात आले तर ते सगळे खपायला किंमत किती असावी लागेल? म्हणजे नग आधी, किंमत नंतर. त्याच्या प्रश्नाला त्याचे अक्ष बरोबर बसतात. नंतरच्या लोकांनी प्रश्न बदलला आणि आकृती तीच ठेवली.

हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातून कळतं की मागणीचा वक्र दोन बाजूंनी वाचता येतो. किमतीपासून आडवं जाऊन खाली उतरा: या किमतीला किती नग घेतले जातील. नगांपासून सरळ वर जा: या शेवटच्या नगासाठी कोणी जास्तीत जास्त किती मोजायला तयार आहे. वरच्या आकड्यांतच बघा. ४० नगांपासून वर गेलात तर वक्र ३० वर भेटतो. म्हणजे चाळिसाव्या नगाला ३० मोजणारा कोणीतरी आहे. बाजारभाव २० असेल तर त्याचे १० वाचले. असे प्रत्येक नगाचे वाचलेले पैसे एकत्र केले की किमतीच्या वरचा आणि वक्राच्या खालचा त्रिकोण मिळतो. तेच उपभोक्त्याचं संतोषाधिक्य. आडवं वाचणाऱ्याला तो त्रिकोण पाठ करावा लागतो, उभं वाचणाऱ्याला तो आपोआप दिसतो.

तिरकी_रेघ
हे 'दोन बाजूंनी वाचणं' फार आवडलं. +१

क्ष_बरोबर_किती
थोडा वेगळा सूर लावतो. आलेखांवर इतका वेळ घालवण्यापेक्षा थेट समीकरणं शिकावीत. कागदाला दोनच मिती असतात. मागणी किमतीवर अवलंबून असते, उत्पन्नावर असते, इतर वस्तूंच्या किमतींवर असते. आलेखात यातली एकच गोष्ट दाखवता येते, बाकीच्या सगळ्या 'इतर परिस्थिती कायम' म्हणून बाजूला टाकाव्या लागतात. समीकरणात सगळ्या एका ओळीत बसतात.

शिवाय आलेख फसवतात. "उभट वक्र म्हणजे कमी लवचीक मागणी, पसरट वक्र म्हणजे जास्त लवचीक" असं सर्रास शिकवलं जातं. लवचीकता म्हणजे किंमत एक टक्क्याने बदलली की नग किती टक्क्यांनी बदलतात ते. खडू_फळा यांचीच मागणी घ्या. रेषा सरळ आहे, उतार सगळीकडे सारखा. किंमत १ ने वाढली की नग २ ने घटतात, कुठेही घ्या. आता लवचीकता काढा:

किंमत ४०, नग २०: २ × ४० ÷ २० = ४
किंमत २५, नग ५०: २ × २५ ÷ ५० = १
किंमत १०, नग ८०: २ × १० ÷ ८० = ०.२५

रेषा तीच, उतार तोच, आणि लवचीकता ४ पासून ०.२५ पर्यंत. नुसतं बघून हे कोणाला दिसलं असतं?

खडू_फळा
आकडे बरोबर आणि मुद्दाही महत्त्वाचा. उतार नगांचा हिशोब करतो, लवचीकता टक्क्यांचा. वरच्या टोकाला नग थोडे असतात, म्हणून २ नग म्हणजे तिथे मोठी टक्केवारी. खालच्या टोकाला तेच २ नग किरकोळ.

यात आणखी एक भर घालतो. उभ्या अक्षाचं माप बदलून पाहा. दर सेंटिमीटरला १० ऐवजी ५ घेतलंत तर तीच मागणी दुप्पट उभट दिसेल. खरेदीदारांच्या वागण्यात काडीचा फरक पडलेला नसेल. म्हणून 'उभट' आणि 'पसरट' हे शब्द दोन वक्र एकाच आलेखात, एकाच बिंदूतून जात असतील तेव्हाच तुलनेसाठी वापरावेत.

पण "म्हणून आलेख सोडा" हा निष्कर्ष मला पटत नाही. तुमच्याकडे समीकरण होतं कारण मी आकडे दिले. खऱ्या प्रश्नात आकडे नसतात. "कच्चा माल महागला, काय होईल?" एवढंच असतं. तिथे आलेख आकड्यांशिवाय दिशा सांगतो: पुरवठा डावीकडे, किंमत वर, नग कमी. बाकीच्या गोष्टी बाजूला टाकल्या जात नाहीत. त्या वक्र कुठे उभा आहे ते ठरवतात. उत्पन्न बदललं की वक्राची जागा बदलते. दोन मितींच्या कागदावर तिसरी गोष्ट दाखवायची हीच रीत.

क्ष_बरोबर_किती
वक्राची जागा म्हणजे तिसरी गोष्ट, हे मान्य. असं मांडलं तर आलेखाला माझी हरकत नाही. तरी सोबत समीकरण असावंच.

कोरा_कागद
दोघांचं चालू द्या, मी काढण्याबद्दल सांगते. विद्यार्थी आलेख समासात, बोटभर जागेत काढतात. अर्धं पान घ्या. वक्र काढायच्या आधी त्याची टोकं शोधा: किंमत शून्य असताना किती नग आणि नग शून्य असताना किती किंमत. वरच्या मागणीत ती १०० आणि ५०. दोन टोकं मिळाली की पट्टीने जोडा. वक्र मधोमध ठेवा, दोन्ही बाजूंना सरकायला जागा हवी. सरकवल्यावर जुना वक्र खोडू नका, नवा दुसऱ्या रंगाने काढा आणि दोन्हींच्या मध्ये बाण दाखवा. बाण नसेल तर आधी काय होतं आणि नंतर काय झालं हे दुसऱ्या दिवशी तुमचं तुम्हालाच कळत नाही.

आणि आलेखाच्या खाली एक ओळ लिहा: "कायम धरलेलं:" आणि पुढे यादी. उत्पन्न, आवडनिवड, इतर वस्तूंच्या किमती, जे असेल ते. या यादीतलं काही बदललं तर वक्र हलणार, अक्षावरचं बदललं तर बिंदू हलणार. ही एक ओळ लिहायची सवय लागली की निम्मे गोंधळ मिटतात.

निळी_शाई
हाताने का काढायचं पण? स्प्रेडशीटमध्ये समीकरण टाकलं की आकडा बदलताक्षणी रेघ हलते. मला तर तसंच लवकर समजलं.

कोरा_कागद
@निळी_शाई, पाहण्यासाठी स्प्रेडशीट उत्तमच. पण तिथे कुठली रेघ हलवायची हे ठरवण्याआधीच रेघ हललेली असते. कागदावर ते आधी ठरवावं लागतं, आणि शिकायचं तेच आहे.

आठवणीतला_बाक
आमच्या वर्गात एकजण समतोल बिंदू, म्हणजे मागणी-पुरवठ्याच्या रेघा छेदतात ते टिंब, इतका ठसठशीत काढायचा की सर म्हणाले, "बाळा, या टिंबात तीन-चार किमती सहज मावतील, यातली समतोल किंमत कोणती ते तरी सांग."

पेन्सिल_खोडरबर
:) आता माझा प्रश्न विचारतो. सीमान्त खर्चाचा (म्हणजे पुढचा एक नग काढायला लागणाऱ्या जादा खर्चाचा) वक्र सरासरी खर्चाच्या वक्राला नेमका त्याच्या तळाशीच का छेदतो? प्रत्येक पुस्तकात तसंच काढलेलं असतं. तो जरा अलीकडे किंवा पलीकडे छेदला तर काय बिघडतं?

खडू_फळा
तसं होऊच शकत नाही. आकड्यांवरून बघा. ४ नगांचा एकूण खर्च १२०, सरासरी ३०. पाचवा नग काढायला २० लागले: एकूण १४०, सरासरी २८. पुढचा नग सरासरीपेक्षा स्वस्तात निघाला म्हणून सरासरी उतरली. सहाव्याला २८ लागले: एकूण १६८, सरासरी २८ च. सातव्याला ४२: एकूण २१०, सरासरी पुन्हा ३०. सीमान्त खर्च सरासरीच्या खाली आहे तोवर तो तिला खाली ओढतो, वर गेला की वर ओढतो. दोन्ही सारखे असतात तिथे सरासरी ना उतरते ना चढते. तोच तळ. हे समजलं की आकृती पाठ करावी लागत नाही, चुकीची काढली तर हातालाच खटकतं.

जुनी_पानं
खर्चाच्या वक्रांवरून व्हायनरची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जेकब व्हायनर हा नामवंत अर्थतज्ज्ञ. १९३१ च्या खर्च वक्रांवरच्या लेखासाठी त्याने आकृत्या काढायचं काम वाँग या गणिताच्या जाणकाराकडे दिलं. अल्पकालीन वक्र म्हणजे कारखान्याचा आकार ठरलेला असतानाचा, दीर्घकालीन म्हणजे आकारही बदलता येतो तेव्हाचा. व्हायनरला असा दीर्घकालीन सरासरी खर्च वक्र हवा होता जो अल्पकालीन प्रत्येक वक्राला त्याच्या तळाशी स्पर्श करेल आणि तरीही कुठल्याच अल्पकालीन वक्राच्या वर जाणार नाही. वाँगने सांगितलं, असा वक्र काढता येणार नाही.

का, ते स्वतः पेन्सिल घेऊन करून बघण्यासारखं आहे. दोन वक्र जिथे नुसते स्पर्श करतात तिथे त्यांचा उतार सारखा असावा लागतो. तळाशी उतार शून्य. मग दीर्घकालीन वक्राचाही उतार तिथे शून्य हवा. पण तो वक्र तर अजून खाली उतरतो आहे. म्हणून उतरत्या भागात स्पर्श तळाच्या डावीकडे होतो, चढत्या भागात उजवीकडे, आणि फक्त दीर्घकालीन वक्राच्या स्वतःच्या तळाशी दोन्ही तळ जुळतात.

मला ही गोष्ट प्रिय आहे ती यासाठी की इथे काढण्याच्या कामाने विचारातली फट उघड केली. शब्दांत दोन्ही अटी बिनदिक्कत एकत्र नांदत होत्या, कागदावर एकत्र येईनात.

तिरकी_रेघ
क्या बात है! निळी_शाई, हे घ्या हाताने काढण्याचं कारण.

निळी_शाई
पटलं. उद्यापासून आलेखवही.

रोजचा_पेपर
तुम्ही सगळे वक्रांत रमलात, पण अभ्यास संपला की माणसाला मागणी वक्र कुठे भेटतो? भेटतात ते काळाचे आलेख. आडव्या अक्षावर वर्षं, उभ्यावर काहीतरी, आणि त्यातली चढती-उतरती रेघ. हे वाचायला प्राथमिक अभ्यासक्रमात जवळपास जागाच नसते आणि मला ते फार खटकतं.

उदाहरणार्थ, महागाईचा दर ८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. रेघ खाली गेली. बघणारा म्हणतो स्वस्ताई आली. पण किमतींचा निर्देशांक काढा: १००, मग १०८, मग ११३.४. रेघ चढतेच आहे, फक्त चढ कमी झालाय. एकाच घडामोडीचे दोन आलेख, एक उतरता, एक चढता, आणि दोन्ही खरे. उभ्या अक्षावर पातळी आहे की बदलाचा दर, हे न बघता रेघेवर मत देऊच नये.

दुसरं म्हणजे उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का. ९८ ते १०२ एवढाच तुकडा पूर्ण उंचीवर ताणला की किरकोळ चढउतार डोंगराएवढा दिसतो. स्तंभालेखात तर हे कधीच करू नये, कारण तिथे उंचीच आकडा सांगते.

तिसरं, लांब मुदतीच्या वाढीसाठी लॉग माप, म्हणजे ज्यात अक्षावरचं सारखं अंतर सारख्या पटीची वाढ दाखवतं. साध्या मापावर दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढणारी गोष्ट शेवटी शेवटी उसळी मारल्यासारखी दिसते, जणू अलीकडेच काहीतरी विलक्षण घडलं. प्रत्यक्षात ती साधारण दर १० वर्षांनी दुप्पट होते आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच वेगाने. लॉग मापावर तीच सरळ रेषा होते.

जुनी_पानं
काळाच्या आलेखांचा मान जुना आहे. विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये देशांच्या आयात-निर्यातीच्या रेघा काढल्या आणि दोन रेघांमधली जागा म्हणजे व्यापारातली शिल्लक असं दाखवलं. मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या त्यानंतर निदान अर्ध्या शतकाने आल्या.

शून्यबिंदू
मग मला एक सांगा. काळाच्या आलेखातले किंमत आणि नग यांचे आकडे उचलून मागणी वक्राच्या कागदावर मांडले तर मागणी वक्र मिळेल का?

खडू_फळा
फार चांगला प्रश्न. नाही मिळणार, निदान तसाच नाही. दरवर्षीचा आकडा हा त्या वर्षीच्या मागणी आणि पुरवठ्याचा छेदबिंदू असतो. मागणी जागच्या जागी राहिली आणि फक्त पुरवठा हलत गेला, तर ते छेदबिंदू मागणी वक्रावरच पडतील. उलट, फक्त मागणी हलत गेली तर ते पुरवठा वक्रावर पडतील. दोन्ही हलले तर टिंबांचा नुसता पुंजका. त्यातून रेघ ओढली तरी ती ना याची ना त्याची. एल्मर वर्किंग यांनी १९२७ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला होता.

म्हणून आलेख बघताना एक प्रश्न नक्की विचारा: ही रेघ मोजून आलेली आहे की विचार करून काढलेली? फिलिप्सचा १९५८ चा वक्र मोजून आलेला आहे, ब्रिटनमधली १८६१ ते १९५७ ची बेरोजगारी आणि मजुरीदरांतली वाढ यांच्या आकड्यांतून. मागणी वक्र हा "किंमत अमुक असती तर" अशा उत्तरांचा बनलेला आहे. त्यातला एकच बिंदू एका वेळी प्रत्यक्षात घडतो. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात दोन्ही प्रकारच्या रेघा शेजारी शेजारी छापलेल्या असतात आणि त्यांतला हा फरक सांगितलेला नसतो. ते व्हायला हवं.

क्ष_बरोबर_किती
इथे मात्र मी खडू_फळा यांच्या पूर्ण बाजूने.

नवखी
समवृत्ती वक्रांबद्दलही कोणी लिहा ना. तिथे तर दोन्ही अक्षांवर वस्तूच, किंमत कुठेच नाही.

जुनी_पानं
@नवखी, नकाशावर समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा असतात, तसंच वाचा. एका वक्रावरचे सगळे बिंदू सारख्याच समाधानाचे. समाधान ही तिसरी मिती, ती कागदातून वर येते आहे असं समजा. म्हणूनच दोन समवृत्ती वक्र छेदत नाहीत. आणि किंमत नाहीशी झालेली नाही, ती अंदाजपत्रक रेषेच्या, म्हणजे हातातल्या पैशांत दोन्ही वस्तू मिळून किती घेता येतील ते दाखवणाऱ्या रेषेच्या, उतारात आहे. एक वस्तू महागली की ती रेषा दुसऱ्या वस्तूच्या टोकाभोवती आत फिरते. नुसतं उत्पन्न घटलं तर उतार तोच ठेवून समांतर आत येते. याला वेगळा धागा हवा खरं तर.

शून्यबिंदू
आलेख काढून झाला. अर्धं पान, दोन रंग, बाण, खाली "कायम धरलेलं" ची ओळ.

पहिला समतोल: १०० − २ × किंमत = ३ × किंमत, म्हणून किंमत २०, नग ६०. पुरवठा घटल्यावर: १०० − २ × किंमत = ३ × किंमत − ३०, म्हणून किंमत २६, नग ४८.

आता ते विधान घेऊन बोट फिरवत गेले. "पुरवठा घटला": निळा वक्र डावीकडे, ठीक. "किंमत वाढली": २० वरून २६, ठीक. "मागणी घटली": इथे मी बोट कुठे नेलं ते पाहिलं. मागणीचा वक्र हललाच नाही, मी त्याच्याच अंगावरून वर सरकले, ६० वरून ४८ वर. "मागणी घटली म्हणून किंमत उतरली" हे खरं व्हायला अख्खा मागणी वक्र डावीकडे जायला हवा आणि त्यासाठी माझ्या खालच्या ओळीतलं काहीतरी बदलायला हवं. तिथलं काहीच बदललेलं नाही. तिसऱ्या वाक्यात बिंदू हलतो, चौथं वाक्य वक्र हलल्यासारखं बोलतं. विधान तिथे तुटतं.

आणखी एक दिसलं. २० किंमत धरून आडवं पाहिलं तर पुरवठा ६० वरून ३० वर आलाय, म्हणजे वक्र ३० ने डावीकडे. ६० नग धरून उभं पाहिलं तर वक्र २० वरून ३० वर, म्हणजे १० ने वर. एकच सरकणं, दोन मापं.

कोरा_कागद
वा! मस्त उलगडलंत.

खडू_फळा
अगदी नेमकं. शेवटचं निरीक्षण तर मी सांगणार होतो, तुम्ही स्वतः गाठलंत. त्यावरच पुढचा प्रश्न. मूळ समतोल २० आणि ६०. सरकारने विक्रेत्यावर प्रत्येक नगामागे १० कर लावला. आलेख कसा बदलेल? आणि तोच कर खरेदीदारावर लावला तर?

आठवणीतला_बाक
विक्रेत्यावर लावला तर विक्रेत्याने भरायचा, खरेदीदारावर लावला तर खरेदीदाराने. त्यात आलेख कशाला?

शून्यबिंदू
आधी विक्रेत्यावर. तेवढेच नग विकायला विक्रेत्याला आता १० जास्त हवेत, म्हणून पुरवठा वक्र १० ने वर. ही तर मघाचीच रेघ! किंमत २६, नग ४८. खरेदीदार २६ देतो, विक्रेत्याच्या हाती १६ उरतात. आधी दोघांचा भाव २० होता, म्हणजे करातले ६ खरेदीदारावर आणि ४ विक्रेत्यावर. मघाच्या आणि आत्ताच्या आकृतीत रेघा त्याच आहेत, पण तेव्हा २६ पूर्ण विक्रेत्याला मिळत होते.

आता खरेदीदारावर. त्याला १० वेगळे भरायचेत, म्हणून विक्रेत्याला द्यायची त्याची तयारी प्रत्येक नगामागे १० ने कमी. मागणी वक्र १० ने खाली: नग = ८० − २ × किंमत. पुरवठ्याशी छेद किंमत १६, नग ४८. खरेदीदाराचा एकूण खर्च १६ अधिक १०, म्हणजे २६. विक्रेत्याला १६. आकडे तेच आले! @आठवणीतला_बाक, कर कोणी भरायचा असं कायदा म्हणतो त्याने काहीच फरक पडला नाही.

आठवणीतला_बाक
हे अजिबात अपेक्षित नव्हतं. मग ६ आणि ४ हे कोण ठरवतं?

क्ष_बरोबर_किती
दोन्ही वक्रांचे उतार. किंमत १ ने बदलली की मागणी २ ने बदलते, पुरवठा ३ ने. जो कमी हलू शकतो त्याच्यावर जास्त बोजा. मागणी २, पुरवठा ३, म्हणून करातले ५ पैकी ३ भाग खरेदीदारावर आणि २ भाग विक्रेत्यावर.

खडू_फळा
आणि जे १२ नग विकले गेलेच नाहीत ते विसरू नका. २६ आणि १६ यांच्यामधल्या उभ्या अंतराला पाया धरा, मूळ छेदबिंदूला टोक. त्रिकोणाचं क्षेत्रफळ १० × १२ ÷ २ = ६०. सरकारला मिळाले १० × ४८ = ४८०, खरेदीदार आणि विक्रेत्यांनी मिळून गमावले ५४०. मधले ६० कोणाच्याच हाती लागले नाहीत. शून्यबिंदू, आता कर १० ऐवजी २० घ्या आणि हा त्रिकोण दुप्पट होतो का ते काढून बघा.

शून्यबिंदू
किंमत ३२, विक्रेत्याला १२, नग ३६. त्रिकोण २० × २४ ÷ २ = २४०. दुप्पट नाही, चौपट! पायाही दुप्पट झाला आणि उंचीही.

पेन्सिल_खोडरबर
मी ३० घेऊन काढतोय. थांबा, कोणी उत्तर देऊ नका.